व्हिक्टर अंकलच्या भिंतीवरच्या बायका

माणूस वितळायला लागला की आधी त्याचं काय वितळतं, हा प्रश्न मला नोकरीत अनेकदा विचारला गेला आहे आणि त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. कोपर. नाक आधी वितळवलं तर लोक हसतात. डोळे आधी वितळवले तर चॅनलवाले घाबरून फोन करतात. कोपर वितळलं की बघणाऱ्याला काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. तेवढ्या वेळात उरलेला माणूस वितळवून घेता येतो.

एकतीस वर्षं मी हे काम केलं. साकीनाक्याला एका गाळ्यात खाली पत्रा कापायचा कारखाना होता आणि वर आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ. सिनेमात किंवा मालिकेत कोणाला स्वप्न पडलं, भास झाला, भांग चढली, विष चढलं, कोणी कोमात गेलं किंवा कोणाला मागचा जन्म आठवला, की ते काम आमच्याकडे यायचं. इंडस्ट्रीत त्याला ‘ट्रिपी’ म्हणतात. आमच्याकडे ‘येडं काम’ म्हणत. माझा भागीदार केतन रोज घाटकोपरहून निघतानाच फोन करायचा, “सुजाता, आज काय येडं आलंय?” केतन जैन घरातला. त्याने आयुष्यात कांदासुद्धा खाल्लेला नाही. मी चहाच्या पलीकडे गेलेली नाही. मुंबईच्या पडद्यावरच्या बऱ्याचशा नशा आम्ही दोघांनी काढल्या आहेत.

हे काम कसं असतं ते थोडक्यात सांगते. हलतं चित्र म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रं. आम्ही बारा काढायचो आणि प्रत्येक दोनदा दाखवायचो. माणूस चालताना काढणं सोपं, कारण डाव्या पायानंतर उजवा येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका माणसाच्या कानाची बस होते. पहिल्या चित्रात कान आहे, शेवटच्या चित्रात बस आहे. मधल्या दहा चित्रांत काय आहे? कान नाही आणि बसही नाही. ते दहा कागद म्हणजे माझा धंदा. आता हे काम कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं तरी तो करून देतो. मधल्या दहांत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं, पण त्याला त्याची लाज वाटत नाही. मला वाटायची. गेल्या वर्षी मी स्टुडिओ सोडला, त्याला हेही एक कारण आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका मालिकेतली सून कोमात गेली होती. तिला आपण पक्षी झाल्याचं दिसतं, असं लिहून आलं. आम्ही पक्षी काढला. चॅनलकडून शेरा आला, “मंगळसूत्र कुठे गेलं?” पक्ष्याला मंगळसूत्र घातलं. पुन्हा शेरा आला, “उडताना ते मागे जातंय, पुढे दिसलं पाहिजे.” वाऱ्याची दिशा बदलली. पक्षी उलटा उडतोय असं दिसायला लागलं, ते चाललं.

एकदा नशामुक्तीची जाहिरात केली. पोरगा गोळी घेतो आणि त्याला काय काय दिसतं, ते दाखवायचं होतं. आम्ही जीव ओतला. ज्या साहेबांनी ते काम दिलं होतं त्यांनी ती फिल्म लागोपाठ तीनदा पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, हे बघून मलाच घ्यावीशी वाटायला लागली.” मग आम्ही सगळं चॉकलेटी रंगात बुडवलं. त्यानंतर ते कोणालाच बघावंसं वाटेना आणि जाहिरात पास झाली.

अशी सगळी वर्षं गेल्यावर माणसाला वाटायला लागतं की भास या विषयातलं आपल्याला सगळं कळतं. मलाही वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी एक डोळ्यांच्या डॉक्टर जिना चढून आमच्याकडे आल्या. डॉ. पाटणकर, अंधेरीला त्यांचा दवाखाना. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “तुम्ही भास काढता असं कळलं.”

“काढतो,” केतन म्हणाला. “कोणाला होतोय? हिरोला की हिरोइनला?”

“माझ्या पेशंटांना.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. म्हातारपणी काहींच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो. नजरेचा मधला भाग जातो, कडेकडेचं थोडं दिसत राहतं. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की काही जणांचा मेंदू गप्प बसत नाही, तो स्वतःच चित्रं तयार करून दाखवायला लागतो. माणसं दिसतात, जनावरं दिसतात, भिंतीवर नक्षी दिसते. आवाज नसतो, वास नसतो. आणि माणूस शंभर टक्के शहाणा असतो, हे खरं नाही हे त्याला कळत असतं. पण घरी सांगितलं की घरचे वेड लागलं म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा म्हणतात. त्यामुळे म्हातारी माणसं सांगतच नाहीत.

“मी घरच्यांना तोंडाने सांगून थकले,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांना पटत नाही. टीव्हीवर दिसलेलं पटतं. मला पाच मिनिटांची फिल्म करून द्या. वेटिंग रूममध्ये लावीन.”

केतन लगेच हो म्हणाला. मला माझी आई आठवत होती.

आम्ही विक्रोळीचे, कन्नमवार नगरातले. घर बौद्ध आणि वडील त्या बाबतीत कडक. भूत, देवी, करणी या शब्दांना त्यांनी कधीच घराबाहेर काढलं होतं. ते बरोबरच होतं, पण त्यामुळे आईला जे दिसायचं त्याला आमच्या घरात नावच नव्हतं. तिला काचबिंदू होता. दुपारी ती म्हणायची, “खिडकीत पोरं बसलीत गं. आत घे त्यांना, पडतील.” मी म्हणायचे, “आई, तिथे कोणी नाही.” हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. शेवटी तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळी सुरू झाली, ती झोपून राहायला लागली. काही महिन्यांनी पोरांबद्दल बोलायची बंद झाली. आई बरी झाली, असं मी नातेवाइकांना सांगितलं. ती बरी झाली नव्हती. तिने सांगायचं सोडलं होतं, एवढंच.

त्याच वर्षी मी कुठल्याशा मालिकेतल्या सुनेचं स्वप्न काढत होते. स्वप्नातल्या चपलेला पट्टा कुठल्या रंगाचा, इथपर्यंत मी लेखकाला फोन करून विचारलं होतं. आईला मात्र एकदाही विचारलं नाही, की पोरं किती आहेत, केवढी आहेत, अंगात काय घातलंय.

मी डॉक्टरांना म्हटलं, “लिहून दिलेलं नको. मला माणसाला भेटायचंय.”

त्यांनी व्हिक्टर अंकलचा पत्ता दिला.

अंकल मरोळ गावठाणातले. त्यांचे आजोबा तिथे भातशेती करत. आता चारही बाजूंना काचेच्या इमारती आणि मधल्या गल्लीत यांचं बैठं घर. अंकल विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होते. तयार झालेला प्रत्येक पीस मोजायचा आणि पास किंवा रिजेक्ट ठरवायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि त्यांची मुलगी ग्लॅडिस, दोघंच. ग्लॅडिस पन्नाशीची, लग्न न केलेली, विमानतळाजवळच्या कार्गो ऑफिसात नोकरीला.

तिने मला दारातच थांबवलं. “आधी सांगते, डॅडींचं काही खरं नाही. पॅसेजमधून चालताना मध्येच भिंतीला चिकटून उभे राहतात. कोणाला तरी वाट देतात. फादरना बोलावलं, मनाच्या डॉक्टरकडे नेलं. त्या गोळीने झोपेत पडले बाथरूममध्ये. मी दिवसभर ऑफिसला, घरी कोण बघणार? वसईला सिस्टर्सचा आश्रम आहे, चांगला आहे. पुढच्या महिनाअखेरीला जागा होतेय. फॉर्म आणून ठेवलाय.”

“डॉ. पाटणकर काय म्हणाल्या?”

“त्या म्हणतात डोळ्यांचं आहे. डोळ्यांना कमी दिसेल ना? जास्त कसं दिसेल?”

मी आत गेले.

अंकल आरामखुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघायला त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मधलं दिसत नसल्यामुळे त्यांना डोळ्यांच्या कडेने बघावं लागायचं. मला वाटलं, रागावलेत. पुढे सवय झाली. त्यांची गावठाणातली बोली मला हुबेहूब लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या मराठीत देते.

“अंकल, तुम्हाला काय दिसतं?”

“बायका,” ते म्हणाले. “लुगडं नेसलेल्या. त्या भिंतीवरून जातात, डावीकडून उजवीकडे. माझ्याकडे कधी बघत नाहीत. एकामागून एक.”

“केवढ्या?”

ते खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, “बाय, हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.” आणि ग्लॅडिसला हाक मारून कपाटातली स्टीलची पट्टी मागवली. मला ती भिंतीवर उभी धरायला लावली. “सहा इंच. सात नाही. सगळ्या सारख्या.”

“फादर आले तेव्हाही होत्या?”

“होत्या ना. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं. भिंत भिजली. बायका भिजल्या नाहीत. म्हटलं, म्हणजे त्या नाहीतच.”

“मग पॅसेजमध्ये बाजूला का होता?”

“तिथे मोठ्या होऊन येतात, माणसाएवढ्या. खऱ्या नाहीत हे मला कळतं. पण अंगावरून कसं जायचं? बायका आहेत.”

मी विचारलं, ओळखीच्या आहेत का, आईसारखी, बायकोसारखी कोणी? मालिकांची सवय, दुसरं काय. ते म्हणाले, “एकही ओळखीची नाही. ओळखीची असती तर बस म्हटलं असतं.”

मंगळवार आणि शनिवार असे ठरले. मी रिक्षाने मरोळला जायचे आणि त्यांना स्टुडिओत घेऊन यायचे. तीन आठवड्यांत मी पहिली फिल्म तयार केली, आणि ती झकास झाली होती. भिंत पाण्यासारखी हलते, तिच्यातून लाल धूर निघतो, धुराच्या बायका होतात, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांतून मासे उडतात, रंग फिरत फिरत एकमेकांत मिसळतात. केतन म्हणाला, आपलं आजवरचं सगळ्यात भारी येडं काम. अंकलना मोठ्या टीव्हीसमोर दोन फुटांवर बसवलं. त्यांनी मान वाकडी करून पाचही मिनिटं पाहिलं.

“रिजेक्ट,” ते म्हणाले.

केतन म्हणाला, “पूर्ण?”

“टोपल्या कोणी सांगितल्या? मी सांगितल्या? आणि हे गोल गोल काय फिरतंय? माझ्याकडे काही फिरत नाही. धूर नाही. म्युझिक नाही. त्या येतात, जातात. हा सिनेमा आहे, बाय. मला सिनेमा दिसत नाही.”

मला राग आला. तीस वर्षं सगळ्यांनी मला ‘अजून पागल करा’ एवढंच सांगितलं होतं. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, “मग नेमकं कसं दिसतं ते सांगा. धूसर असतं का? स्वप्नासारखं?”

“धूसर?” ते हसले. “धूसर तू आहेस. हा टीव्ही धूसर आहे. ताटातला भात धूसर आहे. त्या बायका स्वच्छ दिसतात. लुगड्याच्या चौकड्या मोजता येतात. काठाला टाके आहेत, ते दिसतात. माझ्या पोरीचं तोंड मला दिसत नाही आणि त्यांच्या लुगड्याचे टाके दिसतात. हे काढ.”

खाली पत्रा कापायचं मशीन चालू होतं, तेवढाच आवाज.

मी सगळं फेकून दिलं. येड्या कामात आम्ही नेहमी खरं जग स्वच्छ ठेवायचो आणि भास धूसर करायचो. हे सगळेच करतात, ते चुकीचं आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. आता उलटं केलं. घर, पॅसेज, खुर्ची, ग्लॅडिस, सगळं ओल्या बोटाने पुसल्यासारखं. आणि त्या पुसलेल्या घरातून जाणाऱ्या बायका मात्र सुईच्या टोकाइतक्या रेखीव. कोणी वितळत नाही, कशाचं काही होत नाही. नुसत्या चालतात. हे काढणं मला कानाची बस करण्यापेक्षा अवघड गेलं.

अंकल इन्स्पेक्टरच्या रुबाबात यायचे. चालण्याचा वेग त्यांनी टेबलावर बोट आपटून दिला. मी घड्याळ लावून मोजला, एका पावलाला आठ चित्रं. पदर डोक्यावरून, पण कपाळ दिसेल इतका मागे. दोन बायकांमध्ये अंतर पाऊण फूट. आयुष्यात पहिल्यांदा मला असं गिऱ्हाईक मिळालं होतं, ज्याला काय हवंय ते माहीत होतं. रिवर्क, रिवर्क करत करत तुकडे पास व्हायला लागले. एक पास झाला की ते टेबलावर तळहात ठेवायचे. चहा मात्र त्यांना आमच्याकडचा आवडायचा नाही, तोही रिजेक्ट.

एकदा रिक्षात ते म्हणाले, “तो फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे ना, वसईचा? मला वाचता येत नाही आता. पण कागद जाड आहे, हाताला कळतं.”

“ग्लॅडिसने भरला नाहीये अजून,” मी म्हटलं.

“डॉक्टरने तिला सांगितलंय, फिल्म होईपर्यंत थांब. म्हणून थांबलीय.”

महिनाअखेर जवळ येत होती. चार मिनिटांचं काम झालं होतं. एका शनिवारी अंकल आले आणि म्हणाले, “काल एक नवीन झालं. एक बाई चालता चालता थांबली. माझ्याकडे वळली आणि हात हलवला.”

मी त्याच दिवशी कामाला बसले. बायका ओळीने चालल्यात, एक थांबते, मागची तिला वळसा घालून पुढे जाते, ती मान वळवते, हात वर करते. मी आजवर काढलेल्या सगळ्या शॉट्समध्ये तो सगळ्यात चांगला होता, हे मी खोटा विनय न ठेवता सांगते. केतनने पाहिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. डॉक्टरांना मोबाइलवर पाठवला तर त्यांचा फोन आला, “हाच शेवट ठेवा.”

मंगळवारी अंकलना विचारून बारीकसारीक पक्कं करत होते.

“हात किती वेळ हलवला, अंकल?”

“बराच वेळ.”

“बराच म्हणजे? बोट आपटून दाखवा.”

त्यांनी बोट उचललं आणि तसंच खाली ठेवलं. “असाच आपला. बराच.”

“कुठला हात?”

“हात, गं. कुठलातरी.”

मी पेन्सिल खाली ठेवली. सहा इंच, सात नाही, असं सांगणारा माणूस ‘कुठलातरी’ म्हणत होता. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, त्या कधी माझ्याकडे बघत नाहीत.

केतन चहा सांगायला खाली गेला होता. मी म्हटलं, “अंकल, तुम्ही इन्स्पेक्टर आहात. हा पीस पास का?”

त्यांनी तळहात टेबलाकडे नेला आणि मागे घेतला. मग म्हणाले, “रिजेक्ट.”

“कधीपासून?”

“नऊ दिवस झाले. एकही आली नाही. भिंत रिकामी आहे.” थोडं थांबून म्हणाले, “कारखान्यात मी एक खोटा पीस पास केला नाही, बाय. मोठ्या साहेबाचा भाचा मशीनवर होता, त्याचे पण चाळीस परत पाठवले.”

“मग मला सांगायचंत ना.”

“काय सांगू? बायका गेल्या म्हणून? मग ग्लॅडिस म्हणणार, बघा, आधी वेड होतं, आता गेलं, परत कधी येईल सांगता येत नाही. तू म्हणणार, आता अंकलचं काय काम? फिल्म थांबणार. आणि फिल्म थांबली की वसई.” मग ओशाळून म्हणाले, “आणि खरं सांगू? त्या जायच्या तेव्हा वेळ जायचा. आता ती नुसती भिंत आहे, आणि ती पण मला नीट दिसत नाही.”

आईची आठवण आली, पण ती त्यांना सांगितली नाही. मी इतकंच म्हटलं, “फिल्म थांबणार नाही. तुमची मापं माझ्या वहीत आहेत. त्यावरून पुरी करू. पण मंगळवार-शनिवार यायचं, तपासायला माणूस लागतो.”

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं, काहींचे भास आपोआप थांबतात, कधी परतही येतात. घाबरायचं कारण नाही. मग म्हणाल्या, “पण तो हात हलवणारा शॉट ठेवाल ना?”

“नाही,” मी म्हटलं. “ती बाई अंकलनी मनाने घातलीय.”

“इतका सुंदर आहे. कोणाला कळणार आहे?”

आयुष्यभर मी जे जे काढलं ते खोटंच होतं. कोमातल्या बाईला काय दिसतं ते मला माहीत नव्हतं आणि विष चढलेल्या माणसाला काय दिसतं तेही नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण या वेळी कळणारा एक माणूस होता. मी तो शॉट काढून टाकला. अजूनही कधीकधी वाटतं, ठेवायला हवा होता. चांगला शॉट होता.

महिना संपायला चार दिवस असताना शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये फिल्म लावली. नेहमीचे पेशंट, त्यांच्याबरोबर आलेली मुलंसुना, आणि पुढच्या रांगेत अंकल. ग्लॅडिस ऑफिसला जाता जाता आली होती, पर्स मांडीवर धरून भिंतीलगतच्या बाकावर बसली. फिल्मला आवाज नव्हता. अंकलची अटच होती तशी, आवाज नसतो म्हणजे नसतो. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं टीव्ही म्यूट झालाय, ती रिमोट घेऊन दोनदा आवाज वाढवायला आली. तिला खाली बसवलं. पुसट पॅसेज, पुसट टेबल, पुसट ताट, ताट पुढे करणारी निळ्या कपड्यांतली एक पुसट बाई, आणि मधून शांतपणे चाललेल्या त्या बायका, भिंतीवर सहा इंची, पॅसेजमध्ये माणसाएवढ्या. पाच मिनिटांनी संपलं. शेवट असा काही नव्हताच. बायका जात राहतात आणि पडदा काळा होतो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागच्या रांगेतून मुलुंडहून आलेल्या एक आजी म्हणाल्या, “माझ्याकडे शेळ्या असतात.”

त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, काय बोलतेस?”

“फ्रीजवर. तीन. तू गप्प बस.”

त्यावर पलीकडचे एक शर्टपँटीतले गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, “मला अक्षरं दिसतात. सगळ्या भिंतीभर. कुठली भाषा ते कळत नाही.” त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. आणखी एका आजींनी विचारलं, “शेळ्या खाली उतरतात का हो?” मुलुंडच्या आजी म्हणाल्या, “नाही. तेवढं बरं आहे.” त्या खोलीत माझी आई बसायला हवी होती. तिनेही खिडकीतल्या पोरांचं सांगितलं असतं, आणि कोणीतरी तिला त्यांची वयं विचारली असती.

वसईचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ग्लॅडिसने तो फॉर्म भरला नाही. दिवसा घरी थांबायला तिने शेजारची एक बाई ठेवली. अंकल अजून मरोळलाच आहेत. बायका परत आलेल्या नाहीत. मी त्यांना भेटायला जाते, आता चहा मला रिजेक्ट करता येतो. डॉक्टरांकडे फिल्म अजून लागते. मी आणखी तीन केल्या. शेळ्यांचीही केली.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. लोक आपापसात बोलत होते तेव्हा ग्लॅडिस जागची हलली नव्हती. पडदा कधीचा काळा झाला होता, तरी ती तिकडेच बघत होती. मग ती बापाकडे वळली.

“डॅडी, ती निळी बाई कोण?”

“तू.”

“माझं तोंड का नाही काढलं?”

मी सांगायला पुढे झाले, पण अंकलच बोलले. “तिने बरोबर काढलंय. तिथे तोंड नसतं.”

“कधीपासून?”

“झालं दीडेक वर्ष.”

“दीड वर्ष? आणि मला सांगितलं नाही?”

“तू रोज विचारायचीस, डॅडी, तुम्हाला तिथे कोण दिसतंय,” अंकल म्हणाले. “काय दिसत नाही ते कधी विचारलं नाहीस.”

ती उठली, पर्स बाकावरच राहिली. अंकलच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, त्यांना तिने उठवलं आणि तिथे बसली, अगदी कडेला, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. अंकलनी तोंड उजवीकडे, भिंतीकडे फिरवलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटलं असेल, बाप मुलीवर रुसलाय. ते तसेच, तोंड फिरवून, तिच्याकडे बघत राहिले.

“तुझे केस कधी पांढरे झाले गं?” ते म्हणाले.